मॉनिटरिंगमधली चेक कमांड: हिरवं दिसतंय म्हणजे नक्की काय बरोबर आहे?

नागिओस किंवा इसिंगा, म्हणजे सर्व्हरवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर, पहिल्यांदा लावलं की बहुतेकांचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो, स्क्रीनवरच्या ओळी हिरव्या कधी होतात. मग नेटवरून कुठून तरी कमांड उचलायची, आकडे थोडे वरखाली करायचे, एरर गेली की पुढच्या सर्व्हरकडे वळायचं. आणि हे चालतं, निदान चालल्यासारखं दिसतं तरी. पण हिरव्या ओळीचा अर्थ "सर्व्हर ठीक आहे" असा नसतो, तिचा अर्थ एवढाच की आपण लिहिलेली कमांड चालली आणि तिने शून्य, म्हणजे "ठीक" चा आकडा, परत दिला. कमांडने नेमकं काय तपासलं हे त्या हिरव्या रंगात कुठेच लिहिलेलं नसतं, ते लिहिणाऱ्यालाच माहीत असावं लागतं. मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो, कारण मॉनिटरिंग नसलं तर माणूस निदान अधूनमधून स्वतः जाऊन बघतो, पण चुकीचं मॉनिटरिंग असलं की कोणी बघायलाच जात नाही.

उदाहरणं नागिओसच्या पद्धतीने देते. हे सॉफ्टवेअर १९९९ मध्ये नेटसेंट नावाने आलं, २००२ मध्ये त्याचं नाव नागिओस झालं, आणि चेक करायची जी पद्धत त्याने घालून दिली तीच पुढे इसिंगा, नेमॉन, शिंकेन वगैरे मंडळींनी उचलली, त्यामुळे एक समजलं की बाकीची निम्मी समजतात. कमांड मी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे.

आधी मुळातली गोष्ट. नागिओसला स्वतःला काहीच तपासता येत नाही. त्याला पिंग कळत नाही, वेबसाइट कळत नाही, डिस्क म्हणजे काय तेही कळत नाही. त्याचं काम वेळ झाली की एक बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचा, तो काय म्हणतो ते ऐकायचं, लिहून ठेवायचं आणि गरज पडली तर कोणाला तरी उठवायचं. ह्या बाहेरच्या प्रोग्रॅमला प्लगइन म्हणतात. प्लगइन कशातही लिहा, सी, पर्ल, पायथन, साधी शेल स्क्रिप्ट, नागिओसला फरक पडत नाही. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, स्क्रीनवर छापलेली एक ओळ आणि प्रोग्रॅम संपताना दिलेला एक आकडा म्हणजे एक्झिट कोड. ० म्हणजे ओके, १ म्हणजे वॉर्निंग, २ म्हणजे क्रिटिकल, ३ म्हणजे अननोन. झालं, एवढाच करार.

आता ह्यातली ग्यानबाची मेख अशी की रंग ठरतो तो फक्त आकड्यावरून. छापलेली ओळ माणसांसाठी आहे, नागिओस ती वाचून काही ठरवत नाही.

हे मी चांगलंच अनुभवलंय. बॅकअप तपासायला मी एक छोटी शेल स्क्रिप्ट केली होती, आत प्लगइनला हाक मारायची, त्याचं आउटपुट एका व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, त्याच्यापुढे तारीख जोडायची आणि एको करून छापायचं. चार ओळींची स्क्रिप्ट. हाताने चालवली तेव्हा मस्त ओळ आली, लावून टाकली. जवळजवळ तीन आठवड्यांनी एका सहकाऱ्याने सहज विचारलं की अगं ही ओळ हिरवी आहे पण तिच्यात शब्द क्रिटिकल लिहिलाय, हे काय आहे? मी जाऊन बघितलं तर खरंच, हिरव्या पट्टीत ठळक अक्षरांत "क्रिटिकल, शेवटचा बॅकअप सापडला नाही". प्लगइन बिचारं रोज २ परत देत होतं, पण माझ्या स्क्रिप्टची शेवटची कमांड होती एको, आणि एको कधी फेल होत नाही, ते ० देतं, आणि स्क्रिप्टचा एक्झिट कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड. तीन आठवडे बॅकअप नव्हता. त्या काळात डिस्क गेली नाही हे नशीब, दुसरं काही नाही.

उपाय एका ओळीचा आहे. प्लगइन चालल्यावर लगेच, मध्ये दुसरं काहीही न करता, डॉलर प्रश्नचिन्ह हे व्हेरिएबल, ज्यात मागच्या कमांडचा एक्झिट कोड असतो, जपून ठेवायचं आणि स्क्रिप्टच्या शेवटी एक्झिट लिहून तोच आकडा परत द्यायचा. पाइपचंही, म्हणजे एका कमांडचं आउटपुट दुसरीला देण्याचंही, असंच, प्लगइनचं आउटपुट हेड किंवा सेड मधून काढलं की साध्या शेलमध्ये जो कोड मिळतो तो हेडचा किंवा सेडचा, प्लगइनचा नाही. पाइप वापरायचाच असेल तर बॅशमध्ये पाइपफेल चालू करा, म्हणजे प्लगइन फेल झालं तर ते झाकलं जात नाही. आणि कमांड टर्मिनलवर तपासताना फक्त ओळ बघून उठू नका, लगेच पुढे एको डॉलर प्रश्नचिन्ह मारा आणि आकडा बघा. ही सवय लागली की अर्धे घोळ तिथेच पकडले जातात.

अजून एक बारीक गोष्ट इथेच सांगते. छापलेल्या ओळीत उभी रेघ म्हणजे पाइपचं चिन्ह आलं की त्याच्या पुढचा भाग परफॉर्मन्स डेटा समजला जातो, ग्राफ काढणारी टूल्स तोच भाग वापरतात. त्यामुळे स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये नुसतं शोभेसाठी उभी रेघ टाकू नये, अर्धा मेसेज स्क्रीनवरून गायब होतो आणि का ते कळत नाही.

बरं, आता कॉन्फिगरेशन. गोंधळ होतो कारण एकच चेक तीन ठिकाणी विभागलेला असतो. एक, डिस्कवर असलेलं प्लगइन. दोन, कमांडची व्याख्या, म्हणजे डिफाइन कमांड लिहून केलेला ब्लॉक, त्यात एक नाव असतं आणि एक कमांड_लाइन असते, म्हणजे हे नाव घेतलं की प्रत्यक्षात काय चालवायचं. तीन, सर्व्हिसची व्याख्या, तिथे ह्या होस्टवर, म्हणजे मशीनवर, हे नाव वापर आणि हे आकडे दे असं सांगितलेलं असतं. स्वयंपाकाच्या भाषेत बोलायचं तर प्लगइन म्हणजे भांडं, कमांड म्हणजे कृती, आणि सर्व्हिस म्हणजे आज किती जणांसाठी करायचंय ते. कृती एकदाच लिहायची, माणसं बदलतील तसं प्रमाण बदलायचं. नवीन लोक काय करतात, प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी कमांड लिहितात, मग चाळीस सर्व्हर झाले की चाळीस कमांड आणि एक पाथ बदलला की चाळीस ठिकाणी हात घालायचा.

पिंगचं उदाहरण घेऊ. सर्व्हिसमध्ये चेक_कमांड ह्या शब्दापुढे लिहिलेलं असतं

चेक_पिंग!१००.०,२०%!५००.०,६०%

उद्गारवाचक चिन्ह म्हणजे इथे फक्त तुकडे पाडणारी खूण. पहिला तुकडा कमांडचं नाव. दुसरा तुकडा जातो $आर्ग१$ मध्ये, तिसरा $आर्ग२$ मध्ये. तिकडे कमांडच्या व्याख्येत लिहिलेलं असतं

$युजर१$/चेक_पिंग -एच $होस्टअ‍ॅड्रेस$ -डब्ल्यू $आर्ग१$ -सी $आर्ग२$ -पी ५

दोन्ही बाजूंना डॉलर असलेले हे शब्द म्हणजे मॅक्रो, चालवायच्या क्षणी नागिओस त्यांच्या जागी खरी किंमत भरतं. $होस्टअ‍ॅड्रेस$ च्या जागी त्या होस्टचा पत्ता येतो, $युजर१$ च्या जागी प्लगइनच्या फोल्डरचा पाथ, जो रिसोर्स फाइलमध्ये एकदाच लिहिलेला असतो. सोर्समधून बसवलं असेल तर हा पाथ साधारण /यूएसआर/लोकल/नागिओस/लिबएक्झेक, डेबियनवर /यूएसआर/लिब/नागिओस/प्लगइन्स, रेड हॅटच्या ६४ बिटवर लिब च्या जागी लिब६४. नेटवरून उचललेल्या कमांडमध्ये पूर्ण पाथ ठोकून लिहिलेला असेल तर ती तुमच्याकडे चालेलच असं नाही ते ह्याच्यामुळे.

आता आकड्यांकडे नीट बघा, कारण खरा प्रश्न तिथे विचारला जातो. १००.०,२०% म्हणजे सरासरी वेळ १०० मिलिसेकंदांपर्यंत गेला किंवा २० टक्के पॅकेट हरवले तर वॉर्निंग. आणि शेवटी -पी ५ म्हणजे पाच पॅकेट पाठवायचे. पाचातला एक हरवला की किती टक्के झाले? बरोबर २०. आणि चेक_पिंग मध्ये लिमिटला टेकलं तरी लिमिट ओलांडलं असंच धरतात. म्हणजे ह्या कमांडचा साध्या भाषेत अर्थ असा की एक जरी पॅकेट हरवला तरी मला सांग. हेच हवं असेल तर छान, पण बहुतेकांना ते नको असतं, ते लांबच्या वायरलेस लिंकवर हीच ओळ लावतात आणि मग दिवसभर ओळ पिवळी हिरवी पिवळी हिरवी होत राहते, शेवटी कंटाळून नोटिफिकेशन बंद करतात. खरं तर दहा पॅकेट पाठवा किंवा टक्का ४० करा, एवढंच करायचं होतं.

$आर्ग२$ द्यायला विसरलात तर काय होतं हेही बघून ठेवा. नागिओस तक्रार करत नाही, रिकामी जागा भरतं. मग ओळ होते -सी आणि त्याच्यापुढे थेट -पी ५, प्लगइनला वाटतं -पी हीच क्रिटिकलची किंमत आहे, ते गोंधळतं आणि भलतीच एरर देतं. नागिओस -व्ही लावून कॉन्फिगरेशन तपासलं तरी हे सापडत नाही. ती तपासणी नावं जुळतात का ते बघते, म्हणजे सर्व्हिसमध्ये लिहिलेली कमांड कुठेतरी डिफाइन केलेली आहे का एवढं. आर्ग्युमेंट किती, प्लगइन डिस्कवर आहे का, चालतं का, ह्यातलं काही ती बघत नाही. ती पास झाली म्हणजे काम झालं असं धरून चालू नका.

काही चिन्हं घात करतात. आर्ग्युमेंटमध्येच उद्गारचिन्ह हवं असेल, समजा पासवर्डमध्ये आहे, तर त्याच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो नाहीतर तिथे नवीन तुकडा पडतो. डॉलर हवा असेल तर दोनदा लिहायचा. सेमीकोलन तर फार त्रास देतो, कॉन्फिग फाइलमध्ये त्याच्या पुढचं सगळं कॉमेंट समजून सोडून दिलं जातं, त्यामुळे कमांड अर्धीच उरते. त्यावरचा मार्ग म्हणजे रिसोर्स फाइलमध्ये एखाद्या युजर मॅक्रोची किंमत सेमीकोलन ठेवायची आणि कमांडमध्ये तो मॅक्रो वापरायचा. पासवर्डसुद्धा ह्याच रिसोर्स फाइलमध्ये ठेवतात, तिची परवानगी आवळता येते आणि वेब इंटरफेस ती फाइल वाचत नाही. पण लक्षात घ्या, कमांड चालते त्या क्षणी पासवर्ड कमांड लाइनवर असतो आणि त्या मशीनवर कोणी पीएस, म्हणजे चालू प्रोग्रॅम दाखवणारी कमांड, मारलं तर तो दिसू शकतो, म्हणून प्लगइन वेगळ्या फाइलमधून पासवर्ड घेत असेल तर तेच वापरावं.

आता वेबसाइटचा चेक, हा मला सगळ्यात जास्त फसवा वाटतो. नागिओसबरोबर येणाऱ्या नमुना फाइलमध्ये चेक_एचटीटीपी ची ओळ असते ती -आय $होस्टअ‍ॅड्रेस$ अशी. -आय म्हणजे आयपी पत्ता, ह्या पत्त्यावर जा आणि पान माग. पण आज एका पत्त्यावर दहा साइट असतात आणि वेब सर्व्हर कुठली साइट दाखवायची ते ठरवतो नावावरून, म्हणजे होस्ट हेडरवरून. नाव पाठवलंच नाही तर तो आपला डीफॉल्ट साइटचं पान देतो, बऱ्याचदा सर्व्हर बसवल्यावर येतं ते स्वागताचं पान. म्हणजे तुमच्या दहाही साइट बंद पडल्या असतील आणि ते स्वागताचं पान चालू असेल तरी चेक हिरवा. म्हणून -एच लावून साइटचं नाव द्यायचं, आणि एका विशिष्ट मशीनवरच तपासायचं असेल तर -आय आणि -एच दोन्ही.

तेवढ्यावरही भागत नाही. समजा साइट पूर्ण एचटीटीपीएसवर गेली. जुना चेक अजून पोर्ट ८० वर विचारतोय, तिथे सर्व्हर सांगतो ३०१, पत्ता बदललाय, तिकडे जा. चेक_एचटीटीपी चं डीफॉल्ट वागणं असं की रीडायरेक्ट आलं तर ओके. ओळीत स्वच्छ लिहिलेलं असतं, एचटीटीपी ओके, ३०१ मूव्ह्ड पर्मनंटली, पण वाचतो कोण, रंग हिरवा आहे ना. ज्या पानावर पाठवलंय ते पान उघडतंय का हे कोणी बघितलेलंच नसतं. -एफ फॉलो दिलं की तो त्या नव्या पत्त्यावर जाऊन बघतो, किंवा सरळ -एस मोठ्या लिपीतला देऊन एसएसएलवरच विचारायचं.

आणि त्याच्याही पुढे, २०० आलं म्हणून पान बरोबर असतं असंही नाही. डेटाबेस पडला की कित्येक अ‍ॅप्लिकेशन छानसं माफीचं पान दाखवतात आणि कोड देतात २००. सर्व्हरच्या दृष्टीने पान गेलं, काम झालं. ह्याला इलाज म्हणजे लहान लिपीतला -एस लावून पानात एखादा शब्द शोधायला सांगायचा, आणि तो शब्द असा निवडायचा जो डेटाबेसमधून आल्याशिवाय पानावर येऊच शकत नाही. वरच्या पट्टीतलं कंपनीचं नाव निवडलं तर उपयोग नाही, ते माफीच्या पानावरही असतं. मला विचाराल तर वेब चेक लिहिताना सगळ्यात जास्त वेळ हा एक शब्द निवडण्यात घालवावा.

सर्टिफिकेटचा चेक मात्र साधा आणि गुणी आहे, -सी मोठ्या लिपीतला, पुढे ३०,१४ असं लिहिलं की संपायला ३० दिवस उरले की वॉर्निंग, १४ उरले की क्रिटिकल. फक्त तो पानाच्या चेकपासून वेगळा ठेवा, एकाच कमांडमध्ये दोन्ही कोंबू नका, सर्टिफिकेट बघायला सांगितलं की पान नीट बघितलं जातंय हे धरून चालता येत नाही.

डिस्कचं बघू. डीएफ कमांड दाखवते किती टक्के वापरलं, आणि चेक_डिस्क विचारतं किती टक्के मोकळं उरलं. उलटं. डीएफची सवय असलेला माणूस -डब्ल्यू ८०% -सी ९०% लिहितो आणि त्याचा अर्थ होतो ९० टक्क्यांपेक्षा कमी मोकळं राहिलं की क्रिटिकल, म्हणजे जवळजवळ प्रत्येक डिस्क पहिल्या दिवसापासून लाल. ही चूक निदान लगेच दिसते. न दिसणारी चूक वेगळी आहे. समजा /डेटा ही वेगळी डिस्क आहे आणि तुम्ही -पी /डेटा लिहिलंय. मशीन रीस्टार्ट झालं आणि काही कारणाने ती डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे त्या फोल्डरला जोडलीच गेली नाही. आता /डेटा हे नुसतं रिकामं फोल्डर आहे रूट डिस्कवरचं. चेक_डिस्क त्या पाथवरून वर चढत जातं, रूट डिस्क सापडते, तिच्यात भरपूर जागा असते, ओके. डिस्क गायब आणि ओळ हिरवी. मोठ्या लिपीतला -ई हा पर्याय ह्याच्यासाठीच आहे, तो सांगतो की मी दिलेला पाथ स्वतः माउंट पॉइंट असेल तरच धर, नाहीतर बोंब मार. फक्त तो -पी च्या आधी लिहा, कारण ह्या प्लगइनमध्ये पर्यायांचा क्रम महत्त्वाचा असतो. आणि जागा भरपूर असताना आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलला लागणारी नोंदीची जागा, संपले तरी फाइल तयार होत नाही, लाखो बारक्या फाइल असतील तिथे हे होतं, म्हणून मोठ्या लिपीतले -डब्ल्यू आणि -के देऊन आयनोडही तपासावेत.

प्रोसेस चालू आहे का हे तपासताना लिमिट लिहायची पद्धत फार फसवते, तेवढं सावकाश सांगते. प्लगइनच्या दुनियेत नुसता १० लिहिला तर त्याचा अर्थ "० ते १० ठीक, त्याच्या बाहेर गेलं तर सांग". १०: असा कोलन लावला तर "१० किंवा जास्त ठीक, कमी झालं तर सांग". १०:२० म्हणजे ह्या दोघांच्या बाहेर गेलं तर, आणि सुरुवातीला @ लावला की उलटं, आत आलं तर सांग. आता चेक_प्रॉक्स वापरून एखादी प्रोसेस किमान एक तरी चालू हवी असं तपासायचंय, आणि लिहिलं -सी १. अर्थ काय झाला? शून्य ते एक ठीक. म्हणजे प्रोसेस मेली, संख्या शून्य, शून्य हे ० ते १ च्या आतच आहे, ओके! आणि प्रोसेसने कामासाठी अजून दोन मुलं जन्माला घातली की मात्र क्रिटिकल. मेल्यावर हिरवं आणि कामात असताना लाल. लिहायचं होतं -सी १: आणि फरक फक्त त्या दोन टिंबांचा आहे.

लोडचं, म्हणजे मशीनवर किती काम साचलंय त्याचं, थोडक्यात सांगते, चेक_लोड ला तीन आकडे लागतात, १, ५ आणि १५ मिनिटांच्या सरासरीचे, आणि हे आकडे मशीनला किती कोर आहेत त्यावर अवलंबून असतात, चार कोरवर ८ म्हणजे दमछाक आणि बत्तीस कोरवर ८ म्हणजे आराम. -आर दिलं की तो कोरच्या संख्येने भागून घेतो, मग एकच कमांड सगळीकडे चालते.

आता तो प्रश्न जो प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो, "टर्मिनलवर चालतंय मग नागिओसमध्ये का नाही?" दहातल्या नऊ वेळा उत्तर असतं की तुम्ही रूट म्हणून चालवलं. नागिओस स्वतः चालतं नागिओस नावाच्या साध्या युजरने, त्याला रूटच्या फाइल वाचता येत नाहीत, त्याचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम कुठे शोधायचे ती यादी, तुमच्यासारखा नसतो, तुमच्या शेलमध्ये सेट केलेली व्हेरिएबल त्याला माहीत नसतात. त्याहून वाईट म्हणजे काही प्लगइन मागच्या वेळची किंमत टेम्प फोल्डरमध्ये फाइल करून ठेवतात, तुम्ही रूटने एकदा चालवून बघितलं की ती फाइल रूटच्या मालकीची होते आणि मग नागिओसला ती लिहिता येत नाही, म्हणजे तपासायला गेलात आणि तपासण्यानेच मोडलं. म्हणून कायम सुडो -यू नागिओस लावूनच, म्हणजे नागिओस युजर बनूनच, तपासायचं आणि पूर्ण पाथ देऊन. डेबियनवर इसिंगाचा युजर नागिओस नावाचाच असतो, दुसरीकडे इसिंगा असतो, आधी पीएस मध्ये बघून घ्या.

एरर मेसेज वाचायला शिका, ते खोटं बोलत नाहीत. "रिटर्न कोड १२७ मर्यादेबाहेर" असं आलं तर शेलला तो प्रोग्रॅम सापडलाच नाही, पाथ चुकला किंवा प्लगइन बसवलेलंच नाही. किंवा, आणि हे पटकन सुचत नाही, स्क्रिप्ट आहे पण तिच्या आतली एखादी कमांड सापडत नाहीये. १२६ आलं तर फाइल आहे पण चालवायची परवानगी नाही, सीएचमॉडने ती द्यायची राहिली. एखाद्या प्लगइनला खरंच रूटचे अधिकार लागत असतील तर सुडोअर्समध्ये, म्हणजे सुडोच्या परवानग्यांच्या फाइलमध्ये, फक्त त्याच प्लगइनचा पूर्ण पाथ लिहून तेवढीच परवानगी द्या, नागिओस युजरला सगळं उघडं करून देऊ नका.

दुसऱ्या मशीनच्या आतलं तपासायचं, डिस्क, लोड, प्रोसेस, तर मध्ये एजंट, म्हणजे त्या मशीनवर बसून उत्तर देणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो. एनआरपीई हा जुना आणि अजून बऱ्याच ठिकाणी असलेला, पोर्ट ५६६६. इथे गोंधळ हमखास होतो कारण कमांड दोन ठिकाणी असते. मध्यवर्ती सर्व्हरवरची कमांड फक्त एवढंच म्हणते की त्या मशीनच्या एजंटला अमुक नाव सांग. ते नाव म्हणजे काय, कुठलं प्लगइन, कुठले आकडे, हे त्या मशीनवरच्या एनआरपीईच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. लोक इकडे लिमिट बदलतात आणि तिकडे काहीच बदलत नाही. इकडून आकडे पाठवायची सोय आहे, पण ती डीफॉल्ट बंद असते आणि चालू करायच्या सेटिंगचं नावच डोन्ट_ब्लेम_एनआरपीई असं आहे, म्हणजे पुढे काही झालं तर आम्हाला दोष देऊ नका. बनवणाऱ्यांनीच इतक्या स्पष्टपणे सांगितलंय तर ऐकावं, बंदच ठेवावं आणि लिमिट त्या त्या मशीनवरच लिहावी.

टाइमआउटची एक साखळी असते ती लक्षात ठेवा. आतलं प्लगइन, बऱ्याच प्लगइनचं डीफॉल्ट १० सेकंद. त्याच्याबाहेर चेक_एनआरपीई, त्याचंही १० सेकंद. सगळ्यात बाहेर नागिओसचं सर्व्हिस_चेक_टाइमआउट, ६० सेकंद. नियम सोपा, आतल्याचा वेळ बाहेरच्यापेक्षा कमी हवा, म्हणजे काय अडलं ते आतलं स्वतः सांगू शकतं. उलटं झालं की आतलं अजून विचार करत असतं आणि बाहेरचं फोन ठेवून देतं, मग हातात येतं नुसतं सॉकेट टाइमआउट. आणि चेक_एनआरपीई हे टाइमआउट क्रिटिकल म्हणून देतं, म्हणजे रात्री मेसेज येतो "डिस्क क्रिटिकल" आणि उठून बघितलं तर डिस्क ठणठणीत, एजंट उत्तर द्यायला उशीर करत होता. लहान लिपीतला -यू लावला की टाइमआउट अननोन म्हणून येतं. मला हेच खरं वाटतं, कारण उत्तर मिळालं नाही आणि उत्तर वाईट आलं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि झोपेतून उठलेल्या माणसाला तो फरक कळायला हवा.

इसिंगा २ मध्ये हे सगळं जरा सुटसुटीत केलंय. तिथे कमांड म्हणजे चेककमांड नावाचं ऑब्जेक्ट, आणि आर्ग्युमेंट एका लांबलचक ओळीत न लिहिता वेगवेगळी लिहितात, हा पर्याय आणि ही त्याची किंमत. उद्गारचिन्हांचे तुकडे नाहीत, तिसरा तुकडा म्हणजे काय होतं ते आठवत बसायला नको, प्रत्येक किंमतीला नाव असतं. किंमत दिली नाही तर तो पर्यायच ओळीतून गळतो, आणि एखादी किंमत हवीच असेल तर रिक्वायर्ड लिहून ठेवता येतं. नेहमीच्या प्लगइनच्या कमांड तर आयटीएल नावाच्या तयार संग्रहात लिहूनच ठेवलेल्या आहेत, तिथे असताना स्वतः लिहायला बसू नका. पण इतकं सगळं सोपं असलं तरी -सी १ आणि -सी १: ह्यातला फरक इसिंगाही सांगणार नाही, तो प्रश्न प्लगइनकडे जसाच्या तसा जातो.

म्हणून मी नवीन चेक लावला की तो हिरवा झाल्यावर काम संपलं असं धरत नाही, मी तो मुद्दाम लाल करून बघते. चाचणीच्या मशीनवर ती सर्व्हिस खरोखर बंद करायची, डिस्क अनमाउंट करायची, वेब अ‍ॅप्लिकेशनचा डेटाबेस थांबवायचा, आणि मग घड्याळ लावून बसायचं. ओळ लाल होते का, किती मिनिटांनी होते, मेसेज येतो का, आणि मेसेज वाचून काय झालंय ते कळतं का. चेक_इंटरव्हल ५ मिनिटं, रीट्राय १ मिनिट आणि मॅक्स_चेक_अटेम्प्ट्स ३ असेल तर पहिला लाल दिसायलाच पाच मिनिटं लागू शकतात आणि त्याच्यानंतर अजून दोन मिनिटांनी नोटिफिकेशन निघतं, कारण तोपर्यंत ती सॉफ्ट स्टेट, म्हणजे अजून पक्की न धरलेली अवस्था, असते. हे सात मिनिटांचं गणित तुमच्या कामाला चालतं का ते तेव्हाच कळतं. चालू सर्व्हरवर काही बंद करता येत नसेल तर निदान लिमिट क्षणभर अशी करा की ती ओलांडली जाणारच, डिस्कला -सी ९९% द्या, पानात कधीच नसलेला शब्द शोधायला सांगा.

त्या बॅकअपच्या स्क्रिप्टचं मी नंतर तेच केलं. एक्झिट कोडची ओळ घातली, चाचणीच्या फोल्डरमधून कालची बॅकअप फाइल बाजूला हलवली, सुडो -यू नागिओस ने चालवलं, एको डॉलर प्रश्नचिन्ह मारलं आणि २ आला. मग स्क्रीनवर ओळ लाल व्हायची वाट बघितली, फोनवर मेसेज आला तेव्हा फाइल परत जागेवर ठेवली.